दुबईची बाटली आणि मायंची दह्याची वाटी

"मावशी, मी फोंड्याजवळून लिहितेय. सासूबाई (आम्ही सगळे त्यांना मायंच म्हणतो) ६४ वर्षांच्या, मे महिन्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ऑक्झॅलिप्लॅटिन आणि घरी १४ दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. हाताला पिक लाईन (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली बारीक नळी) आहे. दुसऱ्या सायकलच्या दहाव्या दिवसापासून दिवसाला पाच-सहा वेळा पातळ होतंय, कळा येतात, तोंडपण आलंय. नणंद दुबईला असते, तिने प्रोबायोटिकची, म्हणजे जिवंत बॅक्टेरियांच्या कॅप्सूलची, बाटली पाठवलीय, ५० बिलियनवाली, नॅचरल आहे काही होत नाही म्हणते. माझा नवरा म्हणतो केमोमध्ये बॅक्टेरिया म्हणजे विष, त्याने घरातलं दहीसुद्धा बंद केलं आणि मायंना दहीभाताशिवाय जेवणच जात नाही. डॉक्टरांना विचारलं तर ओपीडीच्या गर्दीत 'गरज नाही' एवढंच म्हणाले. गरज नाही म्हणजे घेतलं तर चालेल की घ्यायचंच नाही? आणि चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आलीय, मायं विचारतात पंचामृत तरी घेऊ का."

बाय, तुझं पत्र वाचल्यावर आधी तुला मेसेज टाकला होता ते बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी इथे परत लिहिते, कारण तुझ्या पत्रात खरी काळजीची गोष्ट बाटली नव्हतीच, "पाच-सहा वेळा" ही होती आणि ती तू जाता जाता लिहिली होतीस. मायं एरवी दिवसातून एकदा जातात. म्हणजे नेहमीपेक्षा चार-पाच जास्त. कॅपेसिटाबिन चालू असताना नेहमीपेक्षा चार ते सहा वेळा जास्त व्हायला लागलं की त्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या असतात, म्हणजे डॉक्टरांना फोन करून त्यांच्या सांगण्यावरून थांबवायच्या, आणि तू तर लिहिलं होतंस की "गोळ्या न चुकता देतेय"! तुझी चूक नाही गो, आपल्याकडे औषध न चुकवणं हाच सुनेचा मोठा गुण धरतात. पण ही गोळी तशी नाही. पोट बिघडलेलं असताना ती तशीच चालू ठेवली तर आतड्याला सावरायला वेळच मिळत नाही.

तू त्याच दुपारी वॉर्डला फोन केलास, त्यांनी गोळ्या थांबवल्या, जुलाब थांबवणारं लोपेरामाइड दिलं, रक्त तपासलं आणि आता दिवसाला दोनवर आलंय, हे वाचून मी घटाघटा चहा प्याले. तर आता निवांतपणे बाटलीकडे वळू.

मुळात हे होतं का ते समजून घे म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातात, कॅन्सरची पेशी भराभर वाढते म्हणून, पण शरीरात भराभर वाढणारं दुसरंही बरंच काही असतं. केसांची मुळं, तोंडाच्या आतली कातडी, हाडांच्या मगजात तयार होणारं रक्त आणि आतड्याचं अस्तर. हे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवं होत असतं, आपल्याला पत्ताही नसतो. केमोने ते नवं होणं अडतं, अस्तर विरळ होतं, पाणी शोषलं जात नाही, म्हणून जुलाब. तोंड येतं तेही त्याचंच दुसरं टोक. आणि त्याच सुमाराला पांढऱ्या पेशी पण खाली येतात, बहुतेक औषधांत डोस झाल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात. आता हे एकत्र बघ. ज्या दिवसांत आतड्याची भिंत विरळ झालेली असते त्याच दिवसांत पहारेकरीही कमी असतात, आणि नेमकं त्याच दिवसांत आपण म्हणतो चला आता कोट्यवधी जिवंत बॅक्टेरिया पोटात सोडूया.

म्हणून तुझ्या नवऱ्याला मी वेडा म्हणणार नाही. पण नणंद पण वेडी नाही हं.

कारण आतड्यातल्या बॅक्टेरियांचा केमोच्या जुलाबाशी संबंध आहे हे खरंच आहे, ती काही मोबाईलवर आलेली फॉरवर्डेड भानगड नाही. इरिनोटेकॅन नावाचं एक औषध आहे (मायंना ते नाही, पण मोठ्या आतड्याच्याच कॅन्सरमध्ये दुसऱ्या काहींना देतात), त्याचा जो जहाल भाग असतो तो आपलं लिव्हर साखरेच्या एका रेणूला बांधून गरीब करून पित्तातून आतड्यात सोडतं, म्हणजे जणू गठडी बांधून बाहेरची वाट दाखवतं, आणि आतड्यातले काही बॅक्टेरिया त्यांच्याकडच्या एका एन्झाइमने ती गाठ परत सोडतात! झालं, जहाल भाग मोकळा आणि आतड्याची सालं निघतात. तर बॅक्टेरिया कुठले आहेत, किती आहेत, याने फरक पडणार हे सरळच आहे आणि म्हणूनच डॉक्टर लोकांनी यावर अभ्यास केले.

त्यातला एक तुमच्या मायंच्या अगदी जवळचा आहे. फिनलंडमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या १५० रुग्णांवर केलेला, २००७ मध्ये छापून आला. त्यांचा केमो होता ५-फ्लुरोयुरासिलवर, आणि कॅपेसिटाबिन पोटात गेल्यावर शरीरात त्याचंच ५-फ्लुरोयुरासिल होतं, म्हणून म्हटलं जवळचा. काहींना लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी नावाचा एकच एक बॅक्टेरिया दिला, काहींना नाही. जोरदार जुलाब झाले ते घेणाऱ्यांत २२ टक्क्यांना, न घेणाऱ्यांत ३७ टक्क्यांना. पोटाच्या त्रासापायी केमोचा डोस कमी करावा लागला असे लोकही कमी निघाले आणि त्या बॅक्टेरियामुळे कुणाला अपाय झाला असं दिसलं नाही. चांगलं आहे की! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं होतं, संपला प्रश्न, सगळ्यांना द्या.

पण मग २०१८ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (हे लोक एका विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र करून चाळणीतून काढतात, कुणाची कंपनी बघत नाहीत) केमो आणि रेडिएशनच्या जुलाबांवर प्रोबायोटिकचे १२ अभ्यास, मिळून १५५४ माणसं, असं सगळं तपासलं आणि म्हटलं की फायदा होत असेलही पण पुराव्याची खात्री कमी ते फारच कमी. कारण प्रत्येकाने वेगळा बॅक्टेरिया दिलेला, वेगळा डोस, वेगळा कॅन्सर, कुणाला रेडिएशन कुणाला केमो. म्हणजे एकाने पेडण्याच्या मिरच्या मोजल्या, दुसऱ्याने काणकोणच्या, आणि आपण विचारतोय गोव्यात तिखट किती.

तर डॉक्टर "गरज नाही" म्हणाले त्याचा अर्थ मी असा लावते (मी त्यांच्या डोक्यात बसलेली नाही, पण ३१ वर्षं म्हापशाला औषधांच्या काउंटरमागे काढलीत, डॉक्टरांचे अर्धे शब्द पुरे करण्यातच आयुष्य गेलं), की याने खात्रीने बरं वाटेल असं मी सांगू शकत नाही आणि तुमच्या आईला पिक लाईन आहे, पांढऱ्या पेशी खाली आहेत, तर उगाच कशाला. हे सगळं ते सांगत बसले असते तर मागच्या ४० जणांनी दार तोडलं असतं. पण तुझा प्रश्न बरोबर आहे, "गरज नाही" आणि "देऊ नका" यात फरक आहे आणि तो तुला कुणीतरी सांगायला हवा होता.

मी सांगते. ती बाटली आत्ता देऊ नकोस.

आता कारणं, कारण नणंदेला फोनवर सांगायला तुला कारणं लागणार. तू बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. ५० बिलियन म्हणजे ५ हजार कोटी. (तुलनेला सांगते, आपल्याकडे फ्रिजमध्ये मिळते ती याकुल्टची ६५ मिलीची बाटली, त्यात ६५० कोटी असतात.) आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की हा आकडा बनवतेवेळचा आहे. मग ती दुबईहून सुटकेसमधून, विमानतळावरून गाडीत, फोंड्याला, आणि तू म्हणतेस तीन आठवडे कपाटात होती, बाटलीवर मात्र फ्रिजमध्ये ठेवा लिहिलंय. आत जिवंत किती उरले देवी शांतादुर्गेलाच ठाऊक. ते एक असो, मेले तर मेले, पैसे गेले.

दुसरं जास्त महत्त्वाचं, त्यात १२ जातींचे बॅक्टेरिया आहेत आणि त्यांच्या जोडीला एक यीस्ट पण आहे, सॅकरोमायसिस बुलार्डी. साध्या जुलाबाला हे यीस्ट चांगलं आहे, मी स्वतः किती विकलंय. पण ज्यांना शिरेत लाईन घातलेली आहे, पिक लाईन असो पोर्ट असो, त्यांना हे द्यायचं नाही, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती खाली आहे त्यांनाही नाही, युरोपच्या औषध नियामकांनी २०१७ मध्ये अशा रुग्णांच्या रक्तात हे यीस्ट शिरल्याचे प्रकार तपासून तसा इशारा दिलाय. रक्तात शिरतं ते नुसतं आतड्यातून असं नाही बरं का. ही पावडर फोडताना हवेत उडते, हाताला लागते आणि तोच हात लाईनला लागतो.

हे मला कसं कळलं ते सांगते, लाज वाटते पण सांगते. माझा थोरला भाऊ केमोवर होता, छातीत पोर्ट बसवलेला. त्याला जुलाब लागले तेव्हा मी माझ्याच काउंटरवरून ह्याच यीस्टच्या पुड्या उचलल्या आणि गेले वॉर्डात, विचारायचं कुणाला, मीच फार्मसिस्ट! त्याच्या खाटेवर बसून पुडी फाडली, ग्लासात ढवळली, बोटावर राहिलेलं साडीला पुसलं आणि त्याच हाताने त्याच्या छातीवरची चादर नीट करायला गेले, पोर्टला सुई लावलेली होती. तेवढ्यात नर्सबाईने माझं मनगट धरलं. ओरडली नाही ती. मला बेसिनकडे घेऊन गेली, साबणाने हात धुवायला लावले आणि मग हळू आवाजात सांगितलं की ताई ही पावडर ह्या खोलीत फोडायचीच नाही. भावाला काही झालं नाही, नशीब आमचं. पण २० वर्षांचा अनुभव असलेल्या बाईला हे माहीत नव्हतं आणि ती विचारायलाही गेली नव्हती, ते आजही खाली उतरत नाही.

तिसरं, आणि हे मी फोटो मोठा करून बघितला म्हणून दिसलं. त्या कॅप्सूलमध्ये बी-कॉम्प्लेक्स पण घातलंय आणि त्यात फॉलिक ॲसिड आहे. कॅपेसिटाबिनवर असताना फॉलिक ॲसिड वरून घेतलं तर कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो, जुलाब वाढतात, तोंड जास्त येतं, हातापायांचे तळवे सोलतात. म्हणजे जुलाब थांबावेत म्हणून द्यायचं आणि त्यानेच वाढायचे! हे फक्त दुबईच्या बाटलीचं नाही, आपल्याकडेही बी-कॉम्प्लेक्समध्ये लॅक्टिक ॲसिड बॅसिलस घातलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात, अशक्तपणाला म्हणून शेजारीपाजारी आणून देतात, प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाच. नुसतं "प्रोबायोटिक" शब्द वाचून थांबू नकोस.

मग प्रोबायोटिक कधीच नाही का? तसं मी म्हणत नाही. पुढच्या वेळी ओपीडीत जाशील तेव्हा "प्रोबायोटिक देऊ का" असं विचारू नकोस, त्याला उत्तर "गरज नाही" हेच मिळणार. कागदावर लिहून ने, की आईच्या न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) आज इतक्या आहेत, पिक लाईन आहे, मागच्या सायकलला दहाव्या दिवसापासून पाच-सहा वेळा झालं, तर पुढच्या सायकलला एकच जात असलेलं लॅक्टोबॅसिलसचं औषध चालेल का, चालेल तर कुठलं, कुठल्या दिवसापासून, आणि ताप आला किंवा पेशी किती खाली गेल्या की बंद करायचं. एवढं लिहून समोर ठेवलं की डॉक्टर वाचतात. अनुभव आहे. आणि ते हो म्हणाले तर त्यांनी लिहून दिलेलंच घ्यायचं, काउंटरवर "त्याच्याऐवजी हे चालेल, सेमच आहे" म्हणून दुसरं दिलं तर घ्यायचं नाही, कारण बॅक्टेरियाची एक जात दुसरीसारखी नसते आणि हे मी काउंटरच्या आतली बाजू बघून सांगतेय. ते जे स्पोअरवाल्या बॅसिलस क्लॉसीच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या मिळतात, लहान मुलांना सुद्धा देतात म्हणून सगळ्यांना त्या पाण्यासारख्या वाटतात, त्याही विचारूनच. प्रतिकारशक्ती खाली असलेल्यांच्या रक्तात तेही सापडल्याच्या नोंदी आहेत, कमी आहेत पण आहेत.

न्यूट्रोफिल किती ते रिपोर्टवर कधीकधी सरळ लिहिलेलं नसतं, टक्के लिहितात. तू पाठवलेल्यात एकूण पांढऱ्या पेशी २७५० आणि न्यूट्रोफिल ४० टक्के, म्हणजे ११०० झाल्या. पुढचा डोस द्यायच्या आधी डॉक्टर साधारण १५०० च्या आसपास किंवा वर आहेत का बघतात, आणि ५०० च्या खाली गेल्या की ते खरं धोक्याचं. ११०० म्हणजे मधलं, पण चढतायत की उतरतायत ते पुढच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) कळेल. थर्मामीटर घरात आहे ना? १००.४ फॅरनहाइट ताप एकदा जरी दिसला तरी रात्र असो, पाऊस असो, १०८ ला फोन करून न्यायचं, आधी क्रोसिन देऊन "बघूया उतरतो का" करायचं नाही. शौचात रक्त दिसलं, उलटीमुळे पाणी टिकत नाही, लघवी कमी झाली, चक्कर येते, तरीही तसंच. आणि लोपेरामाइड हातात आहे म्हणून पुढच्या वेळी आपल्या मनाने सुरू करू नकोस, ताप असेल किंवा मध्ये अँटिबायोटिक झालेलं असेल तर जुलाब जंतूचे असू शकतात आणि तेव्हा दार बंद करून जंतू आत कोंडणं बरं नव्हे, आधी तपासणी.

आता दही. ह्याच्यावर तुमच्या घरात जास्त भांडण झालं असं मला पत्रावरून वाटलं, बाटली निमित्त.

तुझ्या नवऱ्याला सांग की घरचं दही आणि ती बाटली एका तागडीत तोलू नको. दह्यात बॅक्टेरिया असतात पण आपल्या घरच्या दह्याला शास्त्राच्या भाषेत प्रोबायोटिक म्हणत नाहीत, कारण त्यात कुठले आणि किती ते कुणालाच माहीत नसतं, रोज बदलतं. ते अन्न आहे. पूर्वी केमोवाल्यांना कच्चं, आंबवलेलं सगळं बंद करायचे, पण तसल्या कडक पथ्याने इन्फेक्शन कमी होतात असं अभ्यासात काही दिसलं नाही, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी भर स्वच्छतेवर असतो. तरी पेशी फार खाली असतील त्या दिवसांत दही द्यायचं की नाही ते तुमच्या वॉर्डला विचार, काही डॉक्टर तेवढे दिवस नको म्हणतात आणि ते ऐकायचं. एरवी गोवा डेअरीचं पिशवीतलं दूध घे (ते पाश्चराइज्ड असतं, गवळ्याचं सुटं दूध या दिवसांत नको), चांगलं उकळ, स्वच्छ धुतलेल्या स्टीलच्या भांड्यात लाव, आणि विरजण शेजारच्या वैनीकडून वाटीत मागून आणू नकोस, बंद डब्यातल्या ताज्या दह्याचं चमचाभर घे. लागलं की फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपव. ओट्यावर दिवसभर आंबत ठेवलेलं नाही.

पण थांब, इथे एक गंमत आहे जी नवऱ्यालाही माहीत नाही आणि नणंदेलाही. ऑक्झॅलिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस थंडाचा त्रास होतो. फ्रिजमधलं ताक घोटभर घेतलं तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकल्यासारखं वाटतं, माणूस घाबरून जातो, आणि थंड भांडं हातात धरलं तरी बोटांना मुंग्या येतात. तू लिहिलंयस ना की पहिल्या सायकलनंतर मायंनी "दही घशात टोचतं" म्हणून वाटी सरकवली आणि तेव्हापासून नवऱ्याने दहीच बंद केलं? माझी पैज, ते थंडामुळे होतं. डॉक्टरांना सांग नक्की, पण दही फ्रिजमधून आधीच काढून घरातल्या हवेइतकं होऊ दे, किंवा गरम भातात कालव आणि मग दे. सलाईननंतरचा पहिला आठवडा तरी थंड काहीच नको, आणि फ्रिज उघडायचं कामही त्यांच्याकडे नको.

दूध मात्र काही दिवस नको, आतड्याचं अस्तर सोललेलं असताना दुधातली साखर पचवायचं एन्झाइम कमी पडतं, त्याने गॅस आणि जुलाब वाढतात. दह्यात ती साखर कमी असते म्हणून ते सोसतं. चहात चमचाभर चालेल, कोरा घेतला तर उत्तम.

आणि जुलाबाच्या दिवसांत खरं औषध आपल्याकडे आधीपासून आहे, उकड्या तांदळाची पेज. मऊ शिजलेली, मिठाची, दर दोन तासांनी वाटीभर. फक्त तिच्यासोबत खारातली तोर (मिठाच्या पाण्यातली कैरी) आणि सुक्या सुंगटांची (कोलंबीची) किसमूर मागतील तेव्हा कान बंद ठेव, तोंड आलेलं असताना तिखट-खारटाने जीव जाईल. साळदाटी पिकलेलं केळं चालेल, सफरचंद उकडून साल काढून चालेल. सोलकढी नको, नारळाचा कच्चा रस फॅटचा असतो आणि सोलांचा आंबटपणा तोंडाला झोंबतो. तिखट हुमण (माशाची आमटी) चार दिवस लांबच. शहाळं चालेल पण समोर फोडलेलं, आणि शहाळ्याने ओआरएसचं काम होत नाही हे लक्षात ठेव, त्यात पोटॅशियम भरपूर पण मीठ कमी. ओआरएस म्हणजे ती पुडी जी एक लिटर पाण्यात टाकतात, पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला असं लिहिलेलं बघून घे, टेट्रापॅकमधलं संत्र्याच्या चवीचं गोड पाणी म्हणजे ओआरएस नव्हे. पुडी नसेल त्या रात्री घरी कर, एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त टाकू नकोस, चवीला अश्रूंपेक्षा खारट नको असं माझी आई सांगायची.

आणि एक वही कर. किती वेळा झालं, किती वाजता, पातळ की मऊ, ताप किती, किती पेज गेली. कॅलेंडरवर लिहिलंस तरी चालेल, कालनिर्णयच्या चौकोनात सगळं मावतं. कारण उलटही होतं, उलटीची ओन्डान्सेट्रॉनची गोळी घेतली की पहिले दोन-तीन दिवस घट्ट होतं, मग एकदम पातळ, आणि ओपीडीत कुणी विचारलं तर आपण म्हणतो "मध्ये मध्ये त्रास होतो". "मध्ये मध्ये" वर डॉक्टर काय करणार? "दहाव्या दिवसापासून सहा वेळा" असं सांगितलं तर ते पुढचा डोस बदलू शकतात, आणि खरं सांगायचं तर कुठल्याही प्रोबायोटिकपेक्षा तो बदललेला डोस मायंच्या पोटाला जास्त उपयोगी पडेल.

नणंदेला फोन कर पण नवऱ्याला करायला लावू नकोस, तो "बघ मी म्हटलं नव्हतं" ने सुरू करेल. तिला सांग की बाटली चांगल्या मनाने पाठवलीस, केमो पूर्ण झाला, पिक लाईन निघाली की डॉक्टरांना विचारून बघू. दूरवर असलेल्या मुलीला काहीतरी पाठवावंसं वाटतं गो, काय पाठवणार बिचारी. तिला चांगला डिजिटल थर्मामीटर पाठव म्हणावं, आणि मायंना मऊ लोकरीचे हातमोजे, ऑक्झॅलिप्लॅटिनच्या आठवड्यात फ्रिजला हात लावायची वेळ आलीच तर.

आता चवथ. पंचामृताचं विचारलंस. भटजी सकाळी करतात, कच्चं दूध, दही, मध, तूप, साखर, आणि ते तांब्यात दुपारच्या आरतीपर्यंत उघडं, एकच पळी सगळ्यांच्या हातांवरून फिरते. मायंच्या पेशी ११०० असताना ते नको. पण मायंना देवाकडून काहीच नाही असं करू नकोस, त्या वयात ते केमोपेक्षा जास्त लागतं. भटजींना आदल्या दिवशी सांग, ते समजूतदार असतात, उकळून गार केलेलं दूध, ताजं उघडलेलं दही आणि साखर एवढंच एका वेगळ्या छोट्या वाटीत झाकून देवापुढे ठेवायचं आणि आरती झाल्याबरोबर मायंना त्याच वाटीतून चमचाभर. मध वगळलास तरी गणपती रागावत नाही. माटोळी (गणपतीच्या वर टांगतात ती पानाफळांची चौकट) बांधायला त्यांनी खुर्चीवर बसून सांगायचं आणि तुम्ही बांधायची, रानातली पानं-फळं त्यांनी हाताळायची नाहीत, पिक लाईनचा हात तर अजिबात नाही. दर्शनाला येणाऱ्यांना दारातच हात धुवायला पाणी आणि साबण ठेव, सर्दी-खोकला असेल त्याने लांबून नमस्कार करावा असं नवऱ्याला सांगायला लाव, त्याला बॅक्टेरियांची एवढी भीती आहे तर हे काम तो आनंदाने करील. आणि तिसरी सायकल कुठल्या तारखेला येते ते आजच मोजून ठेव, पेशी उतरायचे दिवस नेमके चवथीला येत असतील तर डॉक्टरांना आधीच विचार, चार दिवस पुढे-मागे होतंय का ते.